मागून येणारा ठोका

परदेशी विद्यार्थ्यांच्या छातीवर टिकली लावायला त्या देशाने सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद विद्यार्थ्यांनाच झाला.

त्याआधी व्हिसा सांभाळणं हा शिक्षणाइतकाच मोठा विषय होता. वर्गातली हजेरी, राहण्याचा पत्ता, आजारपणाचा विमा, दर सत्रात पास व्हायचे विषय आणि नोकरीचे तास. आठवड्याला वीस तासांच्या वर काम केलं की व्हिसा जायचा. प्रत्येक गोष्टीचा पुरावा जपायचा, वेळेत पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. नुसता पत्ता बदलल्याचं कळवायला विसरली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परत गेलेली मुलं होती.

टिकली आली आणि ही कटकट संपली. जुन्या रुपयाएवढी, कातडीच्या रंगाची चकती. छातीवर, डाव्या खांद्याच्या हाडाखाली चिकटवायची, अंघोळीलाही काढायची नाही. तिथलं सरकारी नाव लांबलचक होतं. मराठी मुलांनी तिला टिकली म्हटलं आणि हळूहळू बाकीच्या देशांची मुलंही तेच म्हणू लागली. वर्गात बसलात की हजेरी आपोआप लागायची. झोपता कुठे यावरून पत्ता कळायचा. तुम्ही फक्त शिकायचं.

कामाचे तास ती कसे मोजायची हे समजून घ्यायला हवं. पुढचं सगळं त्यावरच घडलं.

समुद्रात महिनोन्‌महिने राहणाऱ्या मासेमारी बोटींवर लोकांना जबरदस्तीने राबवतात, ते कसं ओळखावं, या प्रश्नावर काही शास्त्रज्ञ काम करत होते. बोटीवरच्या माणसाला विचारलं तर तो मालकाच्या भीतीने ‘मी खुशीत आहे’ असंच सांगायचा. म्हणून त्यांनी माणसाला विचारणं सोडलं आणि त्याच्या शरीराला विचारायला सुरुवात केली. त्यांना असं आढळलं की माणूस आपण होऊन हात उचलतो, तेव्हा हृदयाच्या ठोक्यांत एक बारीक बदल होतो आणि तो हात हलायच्या आधी होतो. शरीर कामाला आधीच तयार झालेलं असतं. पण तोच हात दुसऱ्याने सांगितलं म्हणून उचलला, तर हा बदल मागून येतो. आधी हात, मग हृदय. फरक डोळ्याची पापणी लवण्यापेक्षा कमी वेळाचा, पण दिवसभरात हजारो हालचाली तपासल्या की चित्र स्पष्ट होतं. आणि ज्याला वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या मर्जीने वागायची सवय लागली आहे, त्याला कुणी तोंडाने सांगावंही लागत नाही. त्याचा ठोका मागूनच येतो.

या शोधाने पुष्कळ लोकांची सुटका झाली. मग तो व्हिसाच्या कचेरीने घेतला. दुसऱ्याच्या हुकमाने केलेलं काम म्हणजे नोकरी, अशी सोपी व्याख्या झाली.

प्रज्योत इंगवले दहिवडीचा. जमिनीखालचं पाणी हा त्याचा विषय. दुष्काळी भागातल्या मुलाने पाणी शिकायला बर्फाच्या देशात यावं, यावर वर्गात थट्टा व्हायची. विद्यापीठाच्या वाचनालयात तो आठवड्याला बारा तास काम करायचा. वीसच्या खूप आत. राहायला तो रूपाली आक्काकडे होता.

रूपाली त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा प्रज्योत रांगत होता आणि रूपाली आठवीत होती. तिची शाळा तिथेच थांबली. तिने त्याला वाढवलं, शाळेत घातलं, परीक्षेला डबा दिला. पुढे तिचं लग्न संपत घार्गेशी झालं. संपतदाजी समुद्रातल्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीचं काम करायचे. तीन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. प्रज्योत यायच्या आधी त्या घरात बहुतेक दिवस आक्का आणि तिची चार वर्षांची इरा दोघीच असायच्या. आक्कानेच हट्टाने भावाला इकडे बोलावून घेतलं होतं. आता तिचा आणि दाजींचा कायमच्या वास्तव्याचा परवाना शेवटच्या टप्प्यात होता.

दुसऱ्या सत्राच्या मध्यावर प्रज्योतला कचेरीत बोलावणं आलं.

समोर बसलेल्या अधिकारी बाईंचं नाव मारेन. वयस्कर, शांत. त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

“तुम्ही गेले तीन महिने मर्यादेपेक्षा जास्त काम करत आहात.”

“वाचनालयात फक्त बारा तास भरतात.”

“वाचनालयात तर त्याहून कमी. तिथे तुमचा ठोका बराच वेळ पुढे असतो. तुम्हाला ते काम आवडतं.” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “जादा तास सगळे या पत्त्यावरचे आहेत.”

तो पत्ता आक्काचा होता.

“हे माझं घर आहे,” प्रज्योत म्हणाला. “बहिणीचं घर.”

“तिथे तुम्ही काय करता?”

“काही नाही. भाचीला पाळणाघरातून आणतो. बाजारातून सामान आणतो. भांडी लावतो, बर्फ काढतो. घरात सगळे करतात तेच.”

“करतात. पण घरच्या कामात ठोका असा येत नाही.” बाईंनी दुसरा आलेख काढला. “हा दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा. तोही बहिणीकडेच राहतो, तोही भांडी घासतो. बघा.”

प्रज्योतने पाहिलं. तिथल्या रेषा पुढे होत्या. त्याच्या मागे.

मारेनबाईंनी मार्ग सांगितले. प्रज्योतने लिहून द्यायचं की त्या घरात आपल्याला राबवून घेतात. तसं केलं तर तो पीडित ठरेल आणि त्याचा व्हिसा सुरक्षित राहील. कारवाई घरमालकिणीवर, म्हणजे आक्कावर होईल आणि तिचा कायमचा परवाना नाकारला जाईल. तसं लिहून दिलं नाही, तर जादा काम त्याने स्वतः केलं असं धरलं जाईल आणि सत्र संपायच्या आत त्याला देश सोडावा लागेल.

“मी उद्यापासून वसतिगृहात राहायला गेलो तर?”

“जा. पत्ता बदलेल. मागचे महिने बदलणार नाहीत.” मग त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. “एक कलम आहे. जिथे माणसाला नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटल्यावरही तो त्या घरात राहू शकतो, तिथलं काम मजुरी धरत नाहीत. मनापासून दिलेला नकार आलेखावर अगदी ठळक दिसतो. तोंड उघडायच्या पुष्कळ आधी ठोका बदलतो. तुमचा सगळा आलेख मी तपासला.”

“मग?”

“एकही नाही,” मारेनबाई म्हणाल्या.

आक्का पोळ्या लाटत होती. प्रज्योतने सांगितलेलं तिने हात न थांबवता ऐकलं.

“म्हंजी मी तुला राबवती?”

“मी नाही म्हणत. ते यंत्र म्हणतंय.”

“यंत्राला काय कळतंय? तुला मी कधी काय सांगितलंय? उगं भांडी चार लाव म्हणलं आसंल. ती कपबशी सरकव जरा.”

प्रज्योतने कपबशी सरकवली. मग दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

“हे पण मोजलं का त्यानं?” आक्काने विचारलं.

“मोजलं असणार.”

“जळ्ळं त्याचं तोंड,” आक्का म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला काडी हलवू दिली नाही. इराला आणायला ती स्वतः जाऊ लागली. तो उठला की म्हणायची, “बस. हलू नगंस.” तो बसायचा. जेवताना ती वाढत राहायची, “आजून एक घे. माझी शपथ हाय.” तो घ्यायचा. आठवडा झाल्यावर कचेरीतून आकडा आला. घरातले तास कमी झाले नव्हते, थोडे वाढलेच होते.

दाजी सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी हे ऐकलं आणि ते हसत सुटले.

“आवं, खाल्ल्याचं पण तास लागलं? मग तर माझी पेन्शनच सुरू व्हाया पायजे!”

“तुमाला चेष्टा सुचतीया,” आक्का म्हणाली.

“चेष्टा नाय. मी म्हणतो, सोपं हाय. त्या बाईनं नकार मागितलाय ना? द्या की नकार. तू काय तरी सांग, त्यानं नाय म्हणायचं. झालं.”

त्यांनी लगेच करून पाहिलं. आक्का खुर्चीवर सरळ बसली. दाजी पंचासारखे बाजूला उभे राहिले.

“पज्या, मला पाणी दे,” आक्का म्हणाली.

प्रज्योतचा हात आधीच तांब्याकडे गेला.

“आरं म्हण की, नाय म्हण!” आक्काच म्हणाली.

“नाय,” प्रज्योत म्हणाला.

“मोठ्यानं म्हण. तिकडं कचेरीत पोचाया पायजे,” दाजी म्हणाले.

“नाय देत पाणी!”

इराला हा खेळ फार आवडला. तीही “नाय, नाय” करत घरभर पळत सुटली. आक्काने उठून स्वतःचं पाणी स्वतः घेतलं, आणि जाताजाता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “शाबास. लगीच ऐकलंस.”

प्रज्योतने कचेरीला दिवस आणि वेळ कळवली. संध्याकाळी मारेनबाईंचा निरोप आला. त्या वेळचा ठोका तपासला आहे. ते आज्ञापालन होतं.

मग आक्काने ठरवलं की हे काम आपणच मिटवायचं. ती कुणाला न सांगता कचेरीत गेली. दहा वर्षांत ती तिथली भाषा मोडकीतोडकी बोलायला शिकली होती. आपला भाऊ किती चांगला आहे हे त्या बाईला एकदा नीट सांगितलं की सगळं सुरळीत होईल, असं तिला वाटलं. गावाकडे पाहुण्यांपुढे जे सांगतात, तेच तिने सांगितलं.

“फार गुणाचा पोर आहे. माझ्या शब्दाबाहेर नाही. मी ऊठ म्हटलं की उठतो, बस म्हटलं की बसतो. लहानपणापासून मला कधी उलट बोलला नाही. मी सांगितलं म्हणून पाणी शिकला, मी सांगितलं म्हणून इथे आला. एवढा मोठा झाला, पण अजून मला विचारल्याशिवाय केस कापत नाही.”

मारेनबाईंनी दोनदा विचारलं, तुम्ही हे विचार करून बोलत आहात ना? आक्का म्हणाली, देवाशपथ खरं. हवं तर गावात कुणालाही विचारा.

बाईंनी जबाब नोंदवून घेतला. आक्का खुशीत घरी आली. येताना पेढे करायला दूध घेऊन आली.

चार दिवसांनी पत्र आलं. घरमालकिणीने स्वतः कबुली दिली असल्यामुळे परवान्याची प्रक्रिया थांबवण्यात येत आहे. विद्यार्थ्याने सोमवारी येऊन आपलं म्हणणं द्यावं. त्याने कबुलीला दुजोरा दिला तर त्याचा व्हिसा राहील. नाही दिला तर जाईल.

आक्काने पत्र प्रज्योतकडून वाचून घेतलं. पहिल्यांदा तिला काही कळलंच नाही.

“मी तर तुझं कौतुक केलं,” ती म्हणाली.

“हो.”

“कौतुक केल्यावर गुन्हा हुतो?”

दाजींनी या वेळी थट्टा केली नाही. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. दहा वर्षं समुद्रात काढल्यावर मिळणारा तो परवाना होता.

पुढचे दोन दिवस तसेच गेले. प्रज्योत विद्यापीठात जायचा, भूजलाचे नकाशे समोर ठेवून बसायचा आणि काही न करता परत यायचा. त्याला आता एक नवीनच त्रास सुरू झाला होता. कपडे वाळत घालताना, इराचे बूट बांधताना तो आपल्या छातीकडे लक्ष देऊन बघायचा. हे मी आपण होऊन करतोय का? त्याला सांगता यायचं नाही. इराचे बूट बांधायला त्याला आवडायचं, एवढं त्याला नक्की माहीत होतं. पण पूर्वी नुसतं आवडायचं. आता आवडतं का, हे तपासावं लागत होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आक्का पदर खोचून समोर येऊन बसली. तिचं ठरलं होतं.

“ऐक पज्या. उद्या जायचं आन सही करायची. आक्कानं राबवलं म्हणून लिहून द्यायचं.”

“आक्का...”

“मधी बोलू नगंस. परवान्याचं आमी बघू. ह्यांची नोकरी हाय, काय आजच हाकलत नाहीत. तुझं शिक्षण बुडता कामा नये. पास व्हायचं, मग हितंच नोकरी धरायची. खालची खोली मी तुझ्यासाठीच ठिवली हाय. दाजींच्या भाचीचं मी बोलून ठिवलंय, पोरगी शिकलेली हाय. दोघं खाली राहा, आमी वर. इरा हाताखाली येतीया तवर...”

“नाही,” प्रज्योत म्हणाला.

“काय नाही?”

“सही करणार नाही.”

“खुळा हायस का? मी सांगतीया!”

“तू सांगतेस म्हणूनच. मी खोटं लिहून देणार नाही. त्यांना काय करायचं ते करू दे. मला जावं लागलं तर मी जाईन.”  हे एवढ्यावर संपलं असतं. पण त्याच्या तोंडून पुढचंही बाहेर पडलं. “आणि शिक्षण झालं तरी मी इथं राहणार नाही, आक्का. खालच्या खोलीत नाही, या गावात नाही. मला तिकडं दहिवडीला जाऊन पाण्याचं काम करायचंय. पोरगीबिरगी बघू नकोस.”

इरा चित्र काढत होती, ती मान वर करून बघू लागली. दाजींनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“माझ्या शब्दाबाहेर जातोस?” आक्काने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखर विचारत होती.

“जातो.”

“मग माझं काय रं?”

 प्रज्योत उठून गेला नाही. तिथेच बसून राहिला. थोड्या वेळाने आक्काने ताटं गोळा केली. तो मदतीला उठला, तेव्हा ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. जमंल मला.” इतक्या परकेपणाने ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

सोमवारी तो एकटाच कचेरीत जायला निघाला, पण दारात आक्का बूट घालून उभी होती. बसमध्ये दोघं शेजारी बसली. प्रज्योतने मनात परत जायची तयारी केली होती. नकाराच्या कलमाची त्याला आठवणही नव्हती.

मारेनबाईंनी त्याला काही विचारलंच नाही. आलेख आधीच पडद्यावर होता.

“काल दुपारी काय झालं?”

“का?”

“दोन नकार आहेत. पहिला मोठा आहे. दुसरा...” त्यांनी रेष दाखवली. “दुसरा तुम्ही बोललात त्याच्या फार आधी सुरू झाला आहे. समोरचं माणूस बहुतेक अजून बोलत असावं. इतका लांबचा नकार मी या टेबलावर पाहिलेला नाही. आणि रात्री तुम्ही त्याच घरी झोपलात. सकाळी तिथेच उठलात.”

“हो.”

“मग कलम लागू होतं. हे घर आहे, कामाची जागा नाही. तुमचा व्हिसा राहील. यांच्या परवान्याची प्रक्रियाही आजच पुन्हा सुरू होईल.” त्या आक्काकडे वळल्या आणि अभिनंदन केल्यासारख्या हसल्या. “तुमचा भाऊ मोकळा आहे, बाई.”

आक्काने मान डोलावली. प्रज्योतला वाटलं ती आता उठेल, पण ती बसून राहिली. पडद्यावरच्या रेषांकडे बघत राहिली.

“ती टिकली मला लावता येईल का?” तिने त्या बाईंना विचारलं.

“तुम्हाला? ती फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे. तुम्हाला तिची गरज नाही.”

“थोडे दिवस. मग परत देते.”

“तुमच्यावर आता कसलाही संशय नाही,” मारेनबाई समजावत म्हणाल्या. “तुमचं काम पूर्ण झालं.”

आक्काने त्यांचे आभार मानले आणि ती उठली.

बाहेर ऊन होतं, पण थंडी बोचत होती. बसथांब्यावर दोघंच होती. प्रज्योतने विचारलं, “तुला कशाला पाहिजे होती ती?”

आक्काने शाल नीट केली.

“आई गेली तवा आबा म्हणलं, आता पोराला तू बघ. मी बघितलं. मग म्हणलं, हे स्थळ चांगलं हाय. मी हूं म्हणलं. हे म्हणलं, परदेशात जाऊ. आले.” ती रस्त्याकडे बघत बोलत होती. “तुझ्या रेघा बघितल्या आन म्हणलं, माझ्या कशा आसतील? एक तरी पुढं आसंल का?”

“मला वाढवलंस ती असेल की,” प्रज्योत म्हणाला.

“मलाबी तसंच वाटतंय,” आक्का म्हणाली. “पर तुलाबी तसंच वाटत हुतं की, भांडी लावताना.”

घराकडे जाणारी बस आली. दार उघडलं. प्रज्योत बाजूला झाला, तिला आधी चढू द्यायला. आक्का जागची हलली नाही.

“इरा कुणाजवळ हाय?”

“दाजींजवळ.”

“मग ऱ्हाऊ दे. तू जा.”

“आणि तू?”

“येते मागनं.”

“कुठं चाललीस?”

“ठावं न्हाई,” आक्का म्हणाली.

चालक थांबला होता. प्रज्योत बसमध्ये चढला आणि मागच्या काचेतून बघू लागला. आक्का थांब्यावरून खाली उतरली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेकदा पाहिलं आणि घर ज्या दिशेला होतं, त्याच्या उलट दिशेने चालू लागली. सुरुवातीला सावकाश, आणि मग जरा भरभर.